हाक मारली की कुत्रा येत नाही? आमच्या पहिल्या भेटीआधी एवढं वाचा

आम्हाला येणारे बहुतेक फोन एकाच तक्रारीचे असतात: "घरात शहाणा आहे हो, पण मैदानात सोडला की कितीही हाका मारा, ढुंकून बघत नाही." बसणं, थांबणं, पंजा देणं तुमच्या कुत्र्याला बहुधा येत असेल, त्यामुळे त्याबद्दल इथे लिहीत नाही. हे पत्रक फक्त हाकेचं आहे. कारण हाकेच्या बाबतीत घरोघरी एकच चूक होते आणि ती सुधारण्यात तुमच्या शिकवणीचा अर्धा वेळ जातो.

दिवसभरात तुम्ही त्याला कशासाठी बोलावता ते आठवून बघा. अंघोळ घालायला, कानात औषध टाकायला, नखं कापायला, रंगात आलेला खेळ मोडून घरी न्यायला, फाडलेल्या उशीबद्दल रागवायला. हाक आली की मजा संपते, हे त्याच्या लगेच लक्षात येतं. त्यातून मैदानभर पळवल्यावर तो आपणहून जवळ आला आणि तुम्ही धपाटा घातलात, तर तो धपाटा त्याच्या लेखी जवळ येण्याबद्दलचा असतो. कुत्रा शिक्षा किंवा बक्षीस आत्ता, या क्षणी केलेल्या गोष्टीशी जोडतो. पाच मिनिटांपूर्वीच्या पळण्याशी तो त्याचा संबंध लावत नाही.

कोथरूडमधल्या एका घरातला लॅब्रॅडॉर "ये रे सोन्या" ऐकल्यावर आधी काकूंच्या खांद्याकडे बघायचा. खांद्यावर टॉवेल दिसला की थेट पलंगाखाली. मग काकू टॉवेल लपवून बोलवायला लागल्या, तर त्याने गीझरच्या बटणाचा आवाज ओळखून ठेवला. त्यांनी तो हट्टी असल्याचं सांगितलं होतं. आम्हाला मात्र त्याची हुशारी दिसली, कारण शिकायचं ते तो चोख शिकला होता.

दुसऱ्या एका घरात बीगलने चपला पळवायला सुरुवात केली. चप्पल सुटावी म्हणून घरचे बिस्किट द्यायचे. गौरींच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या तेव्हा त्याने दाराबाहेरून प्रत्येक जोडातली एकेक चप्पल आणून दिवाणखान्यात मांडली आणि बिस्किटाची वाट बघत बसला! ज्या कामाचा खाऊ मिळतो ते काम कुत्रा पुन्हा करतो. आमची सगळी शिकवणी याच गोष्टीवर उभी आहे.

म्हणून आमच्याकडे पहिले दोन आठवडे जुनी हाक पूर्ण बंद. तिच्या जागी घरातल्या सर्वांनी ठरवलेला एक नवा शब्द किंवा शिट्टी. सुरुवात घरातच, दोन पावलांवरून. शब्द एकदाच उच्चारायचा. "ये, ये, ये, अरे ये ना" असं चार वेळा म्हटलं की पहिले तीन सोडून द्यायची सवय लागते. आला की हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्यायचा, मीठ-मसाला न घातलेला. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट मुळीच नको, ही कुत्र्यांना विषारी असतात. तुकडा देताना दुसऱ्या हाताने गळ्यातला पट्टा हलकेच धरायचा आणि पुन्हा सोडायचं. हे विसरू नका, नाहीतर हातभर अंतरावर येऊन हुलकावणी देणारा कुत्रा तयार होतो. घरानंतर गच्ची, मग सोसायटीचं आवार, मग हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) लांब दोरी बांधून मैदान. मैदानात मधूनमधून बोलवा, खाऊ द्या, परत खेळायला सोडा. औषध द्यायचं असेल तेव्हा हाक मारू नका, जाऊन घेऊन या. आणि पळाला तर मागे धावू नका, त्याला तो खेळ वाटतो. उलट दिशेला पळा, बहुतेक कुत्रे मागे येतात.

"महिनाभर तुमच्याकडे ठेवून शिकवून द्या" असं पुष्कळ जण म्हणतात. आम्ही ठेवत नाही, कारण मग तो आमच्या हाकेला यायला शिकतो. भेटीला घरचे सगळे हजर हवेत हा आग्रहही त्यासाठीच. आजोबा जेवताना टेबलाखालून पोळी देत असतील तर आजोबा आधी हवेत. गळा आवळणारी साखळी आणि शॉक देणारा पट्टा आम्ही वापरत नाही. भीतीने कुत्रा जागच्या जागी दबेल, पण लांबून आनंदाने धावत येणार नाही.

कारवानी किंवा मुधोळ असेल तर आधीच सांगा. नजरेने सावज हेरून धावणाऱ्या या जाती आहेत. मांजर दिसून एकदा सुटले की हाकेची खात्री आम्ही देत नाही. त्यांना कुंपण असलेल्या जागीच मोकळं सोडा. दिवाळीत फटाके सुरू झाले की कितीही शिकलेला कुत्रा घाबरून पळू शकतो. त्या दिवसांत पट्टा सोडू नका आणि पट्ट्यावर फोन नंबर असू द्या.

भेट तासाभराची, संध्याकाळी, तुमच्याच घरी. लांब दोरी आणि शिट्टी आम्ही आणतो, आवडली तर ठेवून घेता येते. दोन आठवड्यांनी फोनवरची विचारपूस फीमध्येच आहे. तुकडे कापून तयार ठेवा आणि त्या दिवशी कुत्र्याला दुपारचं जेवण निम्मंच द्या.