वर्गात मोजलेले डोके

आग्निएश्का हॉलंड यांच्या ‘युरोपा युरोपा’ (१९९०) या चित्रपटात हिटलर युथ या नाझींच्या युवक संघटनेच्या शाळेतला एक तास आहे. वंशशास्त्राचे मास्तर एका मुलाला सगळ्यांपुढे बोलावतात, त्याच्या डोक्याचे माप घेतात आणि हा पूर्व बाल्टिक वंशाचा, म्हणजे अस्सल आर्य आहे, असा निर्वाळा देतात. मुलगा ज्यू आहे. जीव वाचवण्यासाठी तो खोट्या ओळखीने तिथे राहतो आहे. सॉलोमन पेरेल यांच्या आत्मचरित्रावर हा चित्रपट बेतलेला आहे. मास्तरांची चूक प्रेक्षकांच्या लक्षात राहते, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते बाकांवरच्या मुलांचे शिक्षण. माणसांचे प्रकार असतात, ते मोजता येतात आणि प्रकारावरून माणसाची किंमत ठरते, हे त्यांना उपकरण हातात घेऊन दाखवले जात आहे. १९३८ साली नाझी जर्मनीत निघालेल्या ‘विषारी अळंबी’ या मुलांच्या पुस्तकातही ज्यू माणसाचे नाक इंग्रजी सहाच्या आकड्यासारखे असते, असा धडा वर्गातच दिलेला आहे.

अशी शिकवण किती टिकते? निको फोइग्टलेंडर आणि हान्स-योआखिम फोथ या संशोधकांनी १९९६ आणि २००६ मधल्या जर्मन सर्वेक्षणांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांचे शालेय वय नाझी राजवटीत गेले, त्या १९३० च्या दशकात जन्मलेल्या पिढीत ज्यूद्वेष इतर पिढ्यांपेक्षा ठळकपणे जास्त आढळला.

आता प्रश्न असा, की मुलांच्या मनात हे रुजते कसे? अमेरिकेतल्या रिबेका बिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये उन्हाळी शाळेतल्या मुलांना निळे आणि पिवळे टी-शर्ट वाटून केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. काही वर्गांत शिक्षकांनी रंगानुसार मुलांना बसवले, रंगानुसार कामे दिली, मात्र कोणत्याही रंगाला चांगले किंवा वाईट म्हटले नाही. तरीही काही आठवड्यांत त्या मुलांना आपल्या रंगाचा गट सरस वाटू लागला. जिथे शिक्षकांनी रंगाकडे लक्षच दिले नाही, तिथे असा कल दिसला नाही. मोठी माणसे एवढी दखल घेतात, तेव्हा या भेदात काहीतरी अर्थ असणारच, असे मूल धरून चालते आणि तो अर्थ स्वतःच भरून काढते. इटलीत लुईजी कास्तेली यांच्या प्रयोगांत तर गोरी मोठी माणसे कृष्णवर्णीयांशी बोलताना पाहून लहान मुलांनी त्यांच्या गोड शब्दांपेक्षा त्यांचे अंग चोरून बसणेच अचूक टिपले.

लुई माल यांनी स्वतःच्या शाळकरी आठवणींवर १९८७ मध्ये केलेल्या ‘ओ रव्वार, लेझांफां’ या चित्रपटात अर्थ भरून काढण्याची ही धडपड अगदी जवळून दिसते. साल १९४४, जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स. ज्युलियन हा शाळकरी मुलगा आपल्या मोठ्या भावाला विचारतो, की ज्यू म्हणजे नेमके कोण. डुकराचे मांस न खाणारा, असे उत्तर मिळते. मग लोकांचा त्यांच्यावर राग कशासाठी? ते आपल्यापेक्षा हुशार आहेत म्हणून, आणि त्यांनी येशूला क्रुसावर चढवले म्हणून. ज्युलियन लगेच हरकत घेतो, की ते तर रोमनांनी केले. मग त्यांना पिवळा तारा लावायला लावतात तो याचसाठी का, असे तो पुढे विचारतो, आणि भाऊ तो प्रश्न झटकून टाकतो.