चित्रं काढायला टॅब घ्यायचाय? आधी एक तिरकी रेघ मारून बघा

गेल्या महिन्यात भाचीचा मेसेज आला, "मावशी, डिजिटल चित्रं काढायला टॅब घ्यायचाय, बाबा तीस-पस्तीस हजार देतायत, कुठला घेऊ?" खाली तीन टॅबचे स्क्रीनशॉट. पोरीने एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्यात, हात चांगला आहे, सुलेखनाचं तर वेडच आहे तिला. स्क्रीनशॉटमध्ये प्रोसेसर कुठला, कॅमेरा किती मेगापिक्सेल, स्पीकर किती, सगळं होतं, पण पेनबद्दल एकही ओळ नव्हती, आणि चित्र काढणाऱ्याला तर आधी तेच बघायचं असतं. म्हटलं फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा नीट लिहूनच काढू, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

पेन काचेवर टेकतं तेव्हा टॅबला ते कळतं कसं, इथपासून सुरुवात करू. साधी टचस्क्रीन म्हणजे काचेखाली आडव्या-उभ्या पारदर्शक तारांची जाळी. बोट टेकलं की तिथला विद्युतभार थोडा बदलतो आणि तो बदल कुठे झाला त्यावरून जागा कळते. रबराच्या टोकाचे किंवा टोकाला पारदर्शक चकती असलेले दोनशे-तीनशे रुपयांचे पेन मिळतात ना, ते टॅबला फक्त बोट असल्यासारखे वाटतात. तुम्ही जोरात दाबा की हळू, टॅबला दोन्ही सारखंच. पेन्सिलने शेडिंग करताना आपण हात हलका-जड करतो ते सगळं तिथे वाया जातं.

खऱ्या चित्रकलेच्या पेनचे दोन मोठे प्रकार आहेत आणि दोन्हींची डोकॅलिटी वेगळी आहे.

पहिला प्रकार ईएमआर, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक रेझोनन्स. वॅकॉम ही १९८३ साली सुरू झालेली जपानी कंपनी यासाठी प्रसिद्ध आहे, आणि सॅमसंगने २०११ च्या पहिल्या गॅलेक्सी नोटपासून एस पेनमध्ये हेच तंत्र वापरलंय. यात रेघ मारण्यासाठी पेनला बॅटरी लागतच नाही, आणि मला अजूनही याचं अप्रूप वाटतं. स्क्रीनच्या मागे एक वेगळा सेन्सरबोर्ड असतो, त्यातून चुंबकीय लहरी निघतात, पेनच्या आत तारेचं एक छोटं वेटोळं आणि एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग असतो. झोक्याला बरोबर त्याच्या लयीत ढकललं की तो उंच जातो आणि ढकलणं थांबवलं तरी थोडा वेळ हलत राहतो, तसंच पेनमधलं वेटोळं त्या लहरींवर डोलायला लागतं, मग बोर्ड क्षणभर गप्प बसतो आणि पेनकडून परत येणारी लहर ऐकतो, कुठल्या तारेत ती सगळ्यात जोरात आली त्यावरून पेनचं टोक कुठे आहे ते काढतो. हे ढकलणं-ऐकणं इतक्या भराभर चालतं की आपल्या हाताला त्याचा पत्ताही लागत नाही.

आणि दाब? जुन्या रेडिओचं बटण फिरवून आकाशवाणी लावायचो आठवतंय का, ते बटण फिरवलं की आतल्या कपॅसिटरची क्षमता बदलायची आणि रेडिओ दुसऱ्या लहरीवर जायचा. पेनमध्येही तेच. निब, म्हणजे पेनचं बदलता येणारं टोक, दाबली की आतली मांडणी किंचित बदलते, पेनचा सूर किंचित सरकतो आणि त्या सरकलेल्या सुरावरून टॅबला कळतं की हात किती जड पडलाय. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, सगळी ऊर्जा स्क्रीनकडूनच. काही सॅमसंग पेनमध्ये बॅटरी असते, पण ती बटण दाबून दुरून फोटो काढणं वगैरे गोष्टींसाठी, रेघेसाठी नाही.

दुसरा प्रकार बॅटरीवाला पेन. अॅपल पेन्सिल यातली, २०१५ साली पहिल्या आयपॅड प्रो बरोबर आली. इथे पेन स्वतः टोकातून सिग्नल सोडतं आणि टचची जी जाळी आधीच आहे तीच तो पकडते. वेगळा बोर्ड लागत नाही त्यामुळे टॅब पातळ करता येतो. टोकाच्या थोडं वर आणखी एक सिग्नल देणारा भाग ठेवला की दोन बिंदूंमधल्या अंतरावरून पेन किती तिरकं धरलंय तेही कळतं, म्हणून पेन्सिल आडवी करून शेडिंग जमतं.

यातला कुठला चांगला, असं एका शब्दात सांगता येणार नाही. पण दुकानात पाच मिनिटांत तपासता येतं आणि त्यासाठीच ती तिरकी रेघ.

एक पट्टी घ्या, नाहीतर दुकानदाराचं व्हिजिटिंग कार्ड चालेल, स्क्रीनवर तिरकं ठेवा आणि त्याच्या कडेने अगदी सावकाश, मुंगीच्या चालीने रेघ ओढा. एरवी रेघ सरळ येते ती आपल्या वेगामुळे, हळू ओढली की खरं काय ते दिसतं. काही टॅबवर ती रेघ चक्क नागमोडी येते, साप गेल्यासारखी. कारण असं की जाळीच्या तारा एकमेकींपासून साधारण चार-पाच मिलीमीटर अंतरावर असतात, आणि पेन दोन तारांच्या मध्ये असताना टॅबला हिशोबाने अंदाज करावा लागतो की या तारेत इतका सिग्नल, त्या तारेत तितका, म्हणजे टोक इथे असणार. तो हिशोब जरा चुकला की प्रत्येक तार ओलांडताना तीच चूक परत परत होते, म्हणून लाटा पण एकसारख्या अंतरावर दिसतात. आडव्या किंवा उभ्या रेघेत हे फारसं दिसत नाही, तिरकीतच दिसतं. अॅपमध्ये स्टॅबिलायझर किंवा स्मूदिंग नावाची सेटिंग असते, ती आधी शून्यावर आणा, नाहीतर अॅप चूक झाकून टाकतं आणि तुम्हाला वाटतं वा काय टॅब आहे.

ईएमआरवाल्यांचं दुखणं वेगळं. लोहचुंबक जवळ आलं की त्यांची जागा चुकते, त्यामुळे चुंबकाचं कव्हर मागे दुमडून चित्र काढत असाल आणि एकाच ठिकाणी रेघ वाकडी येत असेल तर आधी कव्हर काढून बघा, टॅब बिघडलाय असं समजून सर्व्हिस सेंटरला पळू नका. स्क्रीनच्या अगदी कडेला पण थोडी गडबड होऊ शकते, म्हणून तीच रेघ कडेजवळही मारून बघायची.

आता दाबाच्या लेव्हल. जाहिरातीत ४०९६, ८१९२, हल्ली तर १६३८४ असे आकडे असतात आणि लोक त्यावर भाळतात. हे सगळे दोनाचे घात आहेत, म्हणजे दाब किती बिटमध्ये मोजलाय एवढंच ते सांगतात. आपल्या हाताला ८१९२ वेगवेगळे दाब देता येत नाहीत, माझ्या तर हजारातही फरक करता येणार नाही. खरा प्रश्न आहे की पहिली रेघ उमटायला किती दाब लागतो. चांगल्या पेनला तीनेक ग्रॅम पुरतात, म्हणजे साधारण एक रुपयाच्या नाण्याचं वजन. तपासायला सोपं आहे, टॅब टेबलावर आडवा ठेवा, पेन बोटांत अगदी सैल धरा, स्वतःहून काही दाबू नका आणि नुसतं सरकवा. पेनच्या स्वतःच्या वजनाने बारीक रेघ उमटली तर उत्तम, नाही उमटली तर पापण्या, केस, दागिन्यांची नक्षी असलं बारीक काम करताना दर वेळी हात जड करावा लागेल आणि तासाभरात अंगठा दुखायला लागेल.

इथे एक धोक्याची सूचना, कारण मी स्वतः फसलेय. एका साइटवरून आयपॅडला चालणारं स्वस्त पेन मागवलं होतं, वर्णनात तळहात टेकला तरी चालेल, तिरकं धरलं तरी चालेल असं सगळं लिहिलेलं, आणि दोन्ही खरंच चालायचं, फक्त दाब अजिबात कळत नव्हता, वर्णनात त्याबद्दल शब्दच नव्हता. तेव्हापासून मी 'प्रेशर सेन्सिटिव्हिटी' हे शब्द दिसल्याशिवाय पेन घेत नाही. आणि हे फक्त स्वस्त पेनांचं नाही बरं का, अॅपलची २०२३ ची यूएसबी-सी वाली पेन्सिलही दाब ओळखत नाही. नोट्स काढायला ठीक आहे, चित्रासाठी नको. साध्या आयपॅडवर चित्रं काढायची तर पहिल्या पिढीचीच पेन्सिल घ्यावी लागते.

अपग्रेड करणाऱ्यांसाठी याहून मोठा खड्डा म्हणजे जुनी पेन्सिल नव्या टॅबवर चालेलच असं नाही. २०१८ ची दुसऱ्या पिढीची पेन्सिल २०२४ च्या आयपॅड प्रो आणि आयपॅड एअरवर चालत नाही, तिथे पेन्सिल प्रो लागते. म्हणजे टॅबच्या किमतीत पेनची किंमत धरूनच हिशोब करा. सॅमसंगच्या टॅब एस६ लाइट, एस९ एफई यांच्या बॉक्समध्येच पेन येतं, आणि ईएमआर असल्यामुळे पेन्सिली बनवणाऱ्या स्टेडलर कंपनीचं साध्या पेन्सिलीसारखं दिसणारं डिजिटल पेनही त्यांच्यावर चालतं, जे हातात धरायला मला फार आवडतं.

एकाच सिरीजमध्येही आतलं तंत्र बदलू शकतं हेही लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोच्या पहिल्या दोन मॉडेलमध्ये वॅकॉमचं ईएमआर होतं, २०१४ च्या सरफेस प्रो ३ पासून ते बॅटरीच्या पेनकडे गेले. जुन्या मॉडेलवर मित्राचा हात मस्त चालतो म्हणून नवं डोळे झाकून घेतलं असं करू नका.

मग येतो लॅग. पेन पुढे आणि रेघ मागून येते तो. हात सेकंदाला तीस सेंटिमीटर वेगाने फिरला, जो झपकन मारलेल्या फटकाऱ्यात सहज असतो, आणि लॅग ५० मिलिसेकंद असेल तर रेघ टोकाच्या दीड सेंटिमीटर मागे राहते! २० मिलिसेकंद असेल तर सहा मिलीमीटर. ६० हर्ट्झची स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलते, १२० हर्ट्झची ८.३ ने, त्यामुळे जास्त हर्ट्झचा फायदा खरा आहे. अॅपलने २०१९ मध्ये लॅग २० वरून ९ मिलिसेकंदांवर आणल्याचं सांगितलं ते मात्र नवीन स्क्रीन लावून नाही, सॉफ्टवेअरने. पेन पुढच्या क्षणी कुठे जाणार याचा अंदाज बांधून रेघ थोडी आधीच काढून ठेवायची आणि मग दुरुस्त करायची, अशी ती युक्ती. माझं मत विचाराल तर ६० हर्ट्झवर सुंदर चित्रं निघतात, हाताला आठवड्याभरात सवय होते, बजेट कमी असेल तर इथे तडजोड करा, पेनमध्ये करू नका.

काचेचं अंतर मात्र बघा. स्वस्त टॅबमध्ये वरची काच आणि खालचा डिस्प्ले यांच्यात हवेची फट असते, साध्या आयपॅडमध्येही आहे. टोक एकीकडे आणि रेघ जराशी खाली, बाजूला उमटल्यासारखी वाटते. टॅबवर टकटक केलं की पोकळ आवाज येतो त्यावरून ओळखा. लॅमिनेटेड डिस्प्लेमध्ये ती फट नसते.

रॅमचा हिशोब घरीच करता येतो. ए४ कागद ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले, तर २४८० गुणिले ३५०८, सुमारे ८७ लाख पिक्सेल, प्रत्येकाला चार बाइट, झाला एका लेअरचा, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवायच्या थरांपैकी एकाचा, ३५ एमबी. चाळीस लेअर केले की १४०० एमबी, शिवाय अनडूसाठी जुनं सगळं धरून ठेवायचं ते वेगळंच. अॅप हुशारीने रिकामी जागा वाचवतात, तरी ४ जीबीच्या टॅबवर दिवाळी अंकाचं ए३ मुखपृष्ठ काढायला बसलात तर लेअर जपून वापरावे लागतात. प्रोक्रिएट हे चित्रकलेचं अॅप तर कॅनव्हासचा साइज वाढवला की किती लेअर मिळणार ते आधीच सांगतं. ते फक्त आयपॅडवर, एकदाच पैसे देऊन मिळतं. अँड्रॉइडवर क्रिता फुकट आहे, आयबिस पेंट आहे, क्लिप स्टुडिओ आहे.

भाचीचा खरा प्रश्न शेवटी आला. तिला बोरूने काढल्यासारखं देवनागरी काढायचंय आणि कुणीतरी सांगितलं होतं की त्याला सगळ्यात महागडं पेनच लागतं. नाही लागत. 'क' चा दांडा जाड आणि त्याच्या पोटातली वळणं बारीक येतात ती दाबामुळे नाहीत, बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं आणि आपण ते एकाच कोनात धरून ठेवतो म्हणून येतात. क्रितासारख्या अॅपमध्ये चपटा ब्रश घेऊन त्याचा कोन पंचेचाळीस अंशांवर पक्का केला की कुठल्याही टॅबवर तो जाड-बारीकपणा येतो. अॅपल पेन्सिल प्रोमध्ये जायरोस्कोप आहे, पेन बोटांत फिरवलं की ब्रशही फिरतो, त्याची मजा अक्षर काढता काढता कोन बदलणाऱ्यांना नक्की आहे, पण ती पुढची गोष्ट, आधी हजार 'क' तर काढू देत.

शनिवारी आम्ही दोघी पुण्यात दुकानात गेलो. तिने माझ्याच व्हिजिटिंग कार्डाच्या कडेने चार टॅबवर रेघा मारल्या, एकावर इतकी लाट आली की दुकानातला मुलगाही वाकून बघायला लागला. तिने पेन बॉक्समध्येच येणारा ईएमआरवाला टॅब घेतला, उरलेल्या पैशात स्टँड आणि जास्तीच्या निबा.

घरी येऊन मी माझ्या पाच वर्षांच्या टॅबवर तीच रेघ मारली. मी स्वतःही नवीन घ्यायच्या विचारात होते, हल्ली रेघ खरखरीत येतेय असं वाटत होतं. रेघ सरळ आली. मग निब काढून बघितली तर ती एका बाजूने पार झिजून छिन्नीसारखी झालेली, खरखरीत फिल्म लावलीय ना वर, ती निब खाते. निब बदलली, जुन्या फाइलींमधले नको असलेले लेअर मर्ज केले, आणि रात्री दोन वाजेपर्यंत अर्धवट राहिलेला गणपती पूर्ण केला.