मेनफ्रेम मायग्रेशन

बँका, विमा कंपन्या यांचं वर्षानुवर्षं मेनफ्रेमवर, म्हणजे एकाच वेळी प्रचंड व्यवहार हाताळणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरवर, चालत आलेलं सॉफ्टवेअर क्लाऊडवर नेणं म्हणजे मेनफ्रेम मायग्रेशन. आयबीएमने सिस्टीम ३६० ही मेनफ्रेमची फॅमिली १९६४ मध्ये आणली, आणि त्या काळातले प्रोग्रॅम पुढच्या मशीनवरही चालत राहिल्यामुळे अमेरिका-युरोपातल्या मोठ्या बँकांनी जुना कोड कधी टाकलाच नाही, त्यावर भर घालत गेल्या. दिवसा सीआयसीएसवर (व्यवहार लगेच पार पाडणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर) ट्रान्झॅक्शन, रात्री बॅच, म्हणजे एकगठ्ठा चालणारी कामं: व्याज, स्टेटमेंट, हिशेबाची जुळवणी. मशीन कुचकामी आहे म्हणून ते सोडतात असं अजिबात नाही, भरवशाला ते आजही पक्कं आहे. कारण आहे खर्च, नवीन ॲप जोडायला लागणारा वेळ, आणि कोबोल ही मेनफ्रेमवरची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा येणारी माणसं रिटायर होत चाललीत.

कोबोलमधला कोड जावा या दुसऱ्या भाषेत नेला की झालं काम, असं बऱ्याच जणांना वाटतं. कोड बदलून द्यायला टूल्स आहेत हो, पण खरी डोकेदुखी डेटाची. मेनफ्रेमवर रक्कम बहुतेक वेळा पॅक्ड डेसिमलमध्ये असते, म्हणजे एका बाइटमध्ये दोन आकडे आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उण्याचं चिन्ह, शिवाय कोबोलमध्ये राउंडेड असं लिहिलं नसेल तर जादाचे दशांश सरळ कापले जातात. तेच व्याज जावात ‘डबल’ या दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात काढलं की कुठेतरी एका पैशाचा फरक पडतो आणि लाखो खात्यांवर तो हिशेब जुळेना होतो. दुसरं म्हणजे मेनफ्रेमच्या एब्सिडिकमध्ये, म्हणजे अक्षरं-आकडे साठवायच्या कोडमध्ये, अक्षरं आधी आणि आकडे नंतर येतात, इतर कॉम्प्युटरवरच्या आस्की कोडमध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळे सॉर्ट केलेल्या फाइलचा क्रम बदलतो आणि त्या क्रमाच्या भरवशावर असलेला पुढचा जॉब चुकतो. असल्या गोष्टी डॉक्युमेंटमध्ये क्वचितच सापडतात, कोड वाचूनच कळतात.

प्रोग्रॅम आहे तसा उचलून एम्युलेटरवर, म्हणजे मेनफ्रेमची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवायचा ही एक पद्धत, सगळं नव्याने लिहायचं ही दुसरी. तिसरी स्ट्रँगलर फिग, हे नाव मार्टिन फाउलर यांनी दिलं: दुसऱ्या झाडावर रुजलेला वड हळूहळू त्या झाडाची जागा घेतो, तशी नवी सिस्टीम एकेक काम आपल्याकडे ओढत जाते. वेळ जास्त लागतो, पण बँकेसाठी मला हीच सगळ्यात शहाणपणाची वाटते.

एका झटक्यात सगळं हलवलं की काय होतं ते ब्रिटनच्या टीएसबी बँकेत दिसलं. तिथे प्रवास मेनफ्रेम ते क्लाऊड असा सरळ नव्हता, आधीची मालक लॉइड्स बँक हिच्या जुन्या सिस्टीमवरून तेव्हाची मालक स्पॅनिश बँक साबादेल हिच्या नव्या प्लॅटफॉर्मवर जायचं होतं, पण धोका तोच. एप्रिल २०१८ च्या एका वीकेंडला सुमारे ५२ लाख ग्राहकांचा डेटा हलवला, डेटा नीट पोचला पण प्लॅटफॉर्म कोलमडला, लोकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. कामकाज पूर्ण रुळावर यायला डिसेंबर उजाडला आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला.

भारतात बँकांचं कॉम्प्युटरीकरण उशिरा झालं, कोअर बँकिंग बहुतेक ठिकाणी युनिक्स सर्व्हरवरच आलं, म्हणून इथे हा प्रश्न तेवढा मोठा नाही. मात्र पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत वाय-टू-केच्या (साल २००० च्या तारखांचा कॉम्प्युटरमधला गोंधळ) आधीपासून परदेशी बँकांचा कोबोल सांभाळणारे कितीतरी मराठी इंजिनिअर आहेत, आणि आता तोच कोड हलवायच्या प्रोजेक्टवर त्यांनाच शोधत येतात.