सर्व्हरला चार डिस्क दिसतात, असते एकच

मोठ्या संस्थांच्या सर्व्हरमध्ये स्वतःच्या डिस्क बहुधा दोनच असतात, त्याही ऑपरेटिंग सिस्टीमपुरत्या. कामाचा डेटा वेगळ्या रॅकमधल्या स्टोरेजवर राहतो आणि तिथवरचा रस्ता अनेकदा फायबर चॅनलचा, म्हणजे काचेच्या केबलवरून चालणाऱ्या स्टोरेजच्या खास जाळ्याचा, असतो. हा रस्ता नीट बांधला नाही तर वर्षभर काही बिघडत नाही. बिघडतं ते वाटेतला एखादा स्विच, म्हणजे केबल एकमेकींशी जोडून देणारं यंत्र, बंद पडल्यावर.

सर्व्हरच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये एचबीए कार्ड बसतं, ते सर्व्हरला या जाळ्याशी जोडतं. त्याच्या प्रत्येक पोर्टला 64 बिटांचा, म्हणजे 16 हेक्साडेसिमल अंकांचा पत्ता असतो: डब्ल्यूडब्ल्यूपीएन. कोणता पत्ता कोणाशी बोलेल हे स्विचवरच्या झोनिंगमध्ये ठरतं. एका झोनमध्ये सर्व्हरचा एकच पोर्ट आणि त्याला लागणारे स्टोरेजचे पोर्ट ठेवावेत, म्हणजे एक सर्व्हर रीबूट झाल्याची खबर इतरांच्या कानी जात नाही. मग स्टोरेजवर त्याच पत्त्याला डिस्कचा तुकडा, म्हणजे लन, मॅप करायचा. पोर्ट स्टोरेजवर लॉग-इन झालेला दिसतो पण डिस्क नाही, तर आधी मॅपिंग तपासा. लॉग-इनच नाही, तर झोनमधला एखादा अंक चुकला असण्याची शक्यता मोठी.

आता जोडणी. स्विच दोन, ए आणि बी, एकमेकांना न जोडलेले. सर्व्हरचा एक पोर्ट ए-वर, दुसरा बी-वर. स्टोरेजचे कंट्रोलर, म्हणजे त्याच्या डिस्कांचा कारभार पाहणारे भाग, दोन. प्रत्येकाची एक केबल ए-ला, एक बी-ला. दोन गुणिले दोन, म्हणून एकाच लनकडे चार वाटा होतात आणि लिनक्सला त्याच चार वेगवेगळ्या डिस्क वाटतात. मल्टिपाथ सॉफ्टवेअर त्यांची एक डिस्क करून देतं. ते चालू न करता चारपैकी एक थेट माउंट केली, म्हणजे वापरायला जोडली, तर ती वाट तुटताच फाइल सिस्टीम गेलीच.

सगळ्यात फसवी चूक इथेच होते. पहिल्या कंट्रोलरच्या दोन्ही केबल ए-ला आणि दुसऱ्याच्या दोन्ही बी-ला लावल्या, तरी झोनिंगप्रमाणे वाटा चारच्या चारच मोजल्या जाऊ शकतात. पण ए बंद पडला की पहिला कंट्रोलर धडधाकट असूनही कोणाच्या हाती लागत नाही आणि सगळा भार दुसऱ्यावर येतो. म्हणून नुसता आकडा पाहून समाधान मानू नये. कोणती वाट कोणत्या स्विचवरून कोणत्या कंट्रोलरला जाते हे केबल हातात धरून पाहावं. दोन पोर्टांचं एकच एचबीए असेल तर ते कार्डही एकुलतं एक आहे, हे विसरलं जातं.

चाचणी डिस्कवर लिहिणं-वाचणं चालू असतानाच करावी. सर्व्हरची एक केबल काढा, वाटा चारावरून दोनवर येतील, काम काही सेकंद अडखळेल. केबल परत लावली की चारही वाटा परतल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. घाई केली की सर्व्हरची डिस्कच जाते.

काचेचं म्हणाल, तर 16 गीगाबिट वेगाला ओएम-3 प्रतीची केबल 100 मीटर चालते, 32 गीगाबिटला तीच 70 मीटर. ओएम-4 घेतली तर 100. तिचा गाभा 50 मायक्रॉनचा, त्यामुळे धुळीचा बारीकसा कणही पुरेसा प्रकाश अडवतो. नव्या केबलचं टोकसुद्धा लावण्याआधी क्लीनर पेनने पुसावं. तोंडाने फुंकलं की वाफ बसते. टोकात डोकावू नये, कारण डोळ्याला घातक ठरू शकणारा 850 नॅनोमीटरचा प्रकाश दिसतच नाही. आलेला प्रकाश 3 डेसिबलने घटला म्हणजे निम्मा झाला. एकाच पोर्टवर सीआरसी चुका, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याच्या नोंदी, वाढत असतील तर काउंटर शून्य करून पाहा, आधी टोक पुसा, मग केबल बदला, मग एसएफपी, म्हणजे पोर्टात बसणारा प्रकाश पाठवणारा-घेणारा तुकडा. एका वेळी एकच.

बॅकअपच्या टेपची तऱ्हा निराळी. एलटीओ-9 या प्रकारच्या टेप ड्राइव्हला कॉम्प्रेशनशिवाय सेकंदाला 400 मेगाबाइटपर्यंत डेटा लागतो. तो कमी पडला की ड्राइव्ह आधी वेग उतरवतो, त्याहूनही कमी आला तर थांबून टेप मागे घेतो आणि पुन्हा सुरू करतो. बॅकअप रेंगाळतो, टेप झिजते. म्हणून टेपला वेगळा एचबीए पोर्ट आणि वेगळा झोन द्यावा. दोन ड्राइव्ह असतील तर त्यांची ओळख सीरियल नंबरवरून बांधावी. रीबूटनंतर क्रमांक उलटे लागले तर बॅकअप सॉफ्टवेअर एका ड्राइव्हमध्ये टेप घालून दुसऱ्यात शोधत बसतं.