पीडीएफमधल्या लिंका नेमक्या कुठे गळतात

वेबपानाची पीडीएफ केली की लिंका मरतात, आणि खापर फुटते पीडीएफवर. हा अन्यायच. 1993 मध्ये हे स्वरूप आले आणि 1.1 या पुढच्याच आवृत्तीत वेबपत्ता उघडणाऱ्या लिंकची सोय झाली. मात्र ही लिंक मजकुरात नसते. पानावरचा अमुक चौकोन, त्यावर क्लिक केले की तमुक पत्ता, अशी स्वतंत्र नोंद फाइलमध्ये असते.

घोळ झाला तो छपाईच्या वाटेवर. आभासी प्रिंटरला, म्हणजे कागदाऐवजी फाइल काढणाऱ्या प्रोग्रॅमला, ब्राउझरकडून कागदावर उमटेल तेवढेच मिळते: अक्षरे, रेघा, चित्रे. निळा रंग आणि अधोरेखा पोचते, पत्ता मागे राहतो. पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेच्या वाटेने ‘पीडीएफमार्क’ नावाच्या खुणा वापरून तो पाठवता येई, पण त्या खुणा छपाईला देणाऱ्या प्रोग्रॅमनेच घालाव्या लागत.

पुढे क्रोमने पीडीएफ स्वतःच बनवायला घेतली आणि चौकोन टिकू लागले. पण ही सोय ठेवली प्रिंटच्याच खिडकीत, आणि खरी मेख इथे आहे. ‘डेस्टिनेशन’च्या यादीत ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ असते, आणि तिथेच विंडोज 10 बरोबर 2015 मध्ये आलेला ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ही. पहिल्यात लिंका राहतात. दुसरा म्हणजे वरच्यासारखा आभासी प्रिंटरच, त्यात जातात. पाहणाऱ्याला दोन्ही फायली सारख्याच. सोय ‘सेव्ह’च्या मेनूत असती तर निम्मे प्रश्न उद्भवलेच नसते. चांगली फाइल दोन पाने गाळण्यासाठी पुन्हा त्या प्रिंटरवर पाठवली, तरी तीच गत.

तपासणीही फसवी असते. मजकुरात पूर्ण पत्ता छापलेला दिसला की काही पीडीएफ रीडर अंदाजाने स्वतःच लिंक जोडतात. मराठीत हा अंदाज लवकर कोलमडतो: पत्त्यातला ‘पुणे’ एवढा शब्द ‘%E0’सारख्या टक्केचिन्हांच्या रूपात 36 चिन्हांचा होतो, ओळ मोडते आणि लिंक अर्ध्यावर तुटते. म्हणून परीक्षा छापलेल्या पत्त्यावर न घेता ‘येथे पाहा’सारख्या शब्दांवर घ्यावी.

पान आधी डिस्कवर उतरवून मग पीडीएफ केले तर आणखी एक पेच. अपुरे, म्हणजे साइटच्या नावाशिवाय राहिलेले पत्ते तुमच्याच संगणकाच्या फोल्डरकडे वळतात. तुमच्याकडेही ते बहुधा उघडत नाहीत, दुसऱ्याकडे तर नाहीच. जावास्क्रिप्टने चालणारी बटणे मात्र कोणत्याही वाटेने येत नाहीत. त्यांच्यामागे पत्ताच नसतो.