मेट्रो म्हणजे रेल्वे की ट्राम? मुंबई-पुण्यातल्या मेट्रोच्या मालकीची पार्श्वभूमी

वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो एका खासगी कंपनीकडे आहे. दहिसरहून अंधेरीकडे येणाऱ्या २अ आणि ७ या मार्गिका राज्याच्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे एमएमआरडीएच्या, हाताखालची कंपनी चालवते. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो ३ केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतल्या तिसऱ्याच कंपनीची आहे. पुण्यातही तोच प्रकार. वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट केंद्र-राज्याच्या महामेट्रोकडे, तर हिंजवडी-शिवाजीनगर मार्ग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) खासगी कंपनीला दिलेला. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ नियोजनाचा गोंधळ वाटतो, आणि काही अंशी तो आहेही. पण त्याची मुळं बरीच मागे जातात, थेट राज्यघटनेपर्यंत.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. राज्यांच्या सूचीत रस्ते, पूल, फेरीबोटी, रोपवे यांच्याबरोबर शहरातल्या ट्राम आहेत. शिवाय कलम ३६६मध्ये रेल्वेची व्याख्या करताना, पूर्णपणे एका नगरपालिकेच्या हद्दीत धावणारी ट्राम त्यातून मुद्दाम वगळली आहे. घटना लिहिली गेली तेव्हा ही वाटणी अगदी स्वच्छ होती. मुंबईत आणि कोलकात्यात ट्राम रस्त्यावर धावत होत्या (मुंबईतली शेवटची ट्राम १९६४ साली बंद झाली) आणि रेल्वे म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. शहराच्या हद्दीतच फिरणारी, पण रेल्वेसारखीच रूळ, सिग्नल आणि डबे घेऊन येणारी गाडी त्या वाटणीत नेमकी कुठे बसते, हा प्रश्न पडायला अजून वीस वर्षं होती.

पहिल्यांदा उत्तर दिलं ते रेल्वेनेच, आणि ते अर्थातच स्वतःच्या बाजूने. १९६९मध्ये रेल्वे मंत्रालयाने कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांसाठी महानगर परिवहन प्रकल्पाची कार्यालयं उघडली. त्यातून प्रत्यक्ष रुळांवर आली ती त्या काळात फक्त कोलकात्याची मेट्रो. तिथे भुयारी रेल्वेची कल्पना डॉ. विधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असल्यापासूनची होती. १९७१च्या आराखड्यात पाच मार्ग होते. त्यातला दमदम-टॉलीगंज हा एक निवडला गेला आणि २९ डिसेंबर १९७२ रोजी इंदिरा गांधींनी पायाभरणी केली. तंत्रज्ञांची मदत सोव्हिएत रशियाची, पैसा रेल्वेच्या अर्थसंकल्पातला.

खोदकामाची पद्धत होती रस्ता वरून उघडायचा, खाली पेटीसारखा बोगदा बांधायचा आणि पुन्हा झाकायचा. चौरंगी आणि चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यूसारखे शहराचे मुख्य रस्ते वर्षानुवर्षं उखडलेले राहिले. खोदकामासाठी रस्त्याखालच्या पाण्याच्या, सांडपाण्याच्या वाहिन्या हलवायच्या होत्या, त्या महापालिकेच्या. वाहतूक वळवायची ती राज्याच्या पोलिसांनी. काम रेल्वेचं आणि दिल्लीहून दरवर्षी मिळेल तेवढ्या तरतुदीवर चालणारं. १९७८मध्ये मेट्रोच्या बांधकामासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा करावा लागला, म्हणजे पायाभरणीनंतर सहा वर्षांनी. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर अशी साडेतीन किलोमीटरही नसलेली पहिली फेरी निघाली. साडेसोळा किलोमीटरचा पूर्ण मार्ग व्हायला १९९५ साल उजाडलं. सुरुवातीचा अंदाज १४० कोटींच्या आसपास होता, शेवटी खर्च दीड हजार कोटींच्या पुढे गेला. कोलकाता मेट्रो आजही रेल्वेचाच एक विभाग आहे, २०१०पासून स्वतंत्र झोन म्हणून.

तेवीस वर्षांच्या या अनुभवाने इतर शहरांना मेट्रोची धास्तीच बसली. दिल्लीने त्यातून जो धडा घेतला, तो तंत्रज्ञानापेक्षा कारभाराचा होता. ३ मे १९९५ रोजी दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनची नोंदणी झाली ती कंपनी कायद्याखाली. भांडवल केंद्र आणि दिल्ली सरकारचं समसमान, बांधणीच्या खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा जपानच्या सवलतीच्या कर्जातून. कंपनी रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नगरविकास मंत्रालयाच्या अखत्यारीत. १९९७मध्ये कोकण रेल्वे बांधणारे ई. श्रीधरन प्रमुख झाले, १९९८मध्ये काम सुरू झालं आणि २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा-तीस हजारी मार्गाचं उद्घाटन अटलबिहारी वाजपेयींनी केलं. कोलकात्याला जेवढी वर्षं पहिल्या साडेतीन किलोमीटरना लागली, त्याच्या एक तृतीयांश वेळात दिल्लीची गाडी आठ किलोमीटर धावत होती. श्रीधरन यांच्या शिस्तीबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. माझ्या मते तितकंच श्रेय कंपनीच्या घडणीलाही जातं. कंत्राट देण्यासाठी रेल्वे बोर्डाकडे जावं लागत नव्हतं, आणि कर्ज आधी ठरलेलं असल्याने दर फेब्रुवारीत अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसावं लागत नव्हतं.

रेल्वेने मात्र एवढ्या सहज हात सोडला नाही. रुळांच्या रुंदीवरून मोठा वाद झाला. जगातल्या बहुतेक मेट्रोंसारखे १४३५ मिलिमीटरचे स्टँडर्ड गेज रूळ हवेत, असं श्रीधरन यांचं म्हणणं होतं. त्यावर वळणं अधिक तीव्र घेता येतात, जागा कमी लागते आणि डबे जगभर मिळतात. रेल्वेला १६७६ मिलिमीटरचं आपलं ब्रॉड गेज हवं होतं. अखेर मंत्रिगटाने रेल्वेच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे दिल्लीचे सुरुवातीचे मार्ग ब्रॉड गेज आहेत आणि २०१०पासून सुरू झालेले नवे मार्ग स्टँडर्ड. एकाच शहरातल्या मेट्रोचे डबे एकमेकांच्या मार्गावर जाऊ शकत नाहीत, ते या तडजोडीमुळे.

२००२मध्ये दिल्लीसाठी मेट्रो चालवण्याचा आणि देखभालीचा कायदा झाला, २००९च्या दुरुस्तीने तो इतर महानगरांना लावण्याची सोय झाली. या कायद्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. मेट्रो प्रवाशांना खुली करण्याआधी सुरक्षा आयुक्तांची तपासणी आणि मंजुरी लागते. (हे आयुक्त मुलकी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. रेल्वे तपासणाऱ्याने रेल्वेच्या हाताखाली असू नये, या जुन्या तत्त्वामुळे. मेट्रोने तीच व्यवस्था उचलली.) दुसरी गोष्ट, जी पुढच्या कथेत येणार आहे, ती कलम ३३. भाडं ठरवायचं ते भाडे निर्धारण समितीच्या शिफारशीने, पण मार्ग पहिल्यांदा सुरू होताना मेट्रो प्रशासन स्वतःच भाडं ठरवू शकतं.

महाराष्ट्र तोवर वेगळ्या वाटेने निघाला होता. २००४मध्ये एमएमआरडीएने १४६ किलोमीटरचा मुंबई मेट्रोचा बृहद् आराखडा पुढे आणला. तो तयार केला होता दिल्ली मेट्रोनेच, पण दिल्लीचं आर्थिक गणित मात्र मुंबईने घेतलं नाही. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा ११.४ किलोमीटरचा मार्ग खासगी भागीदारीतून करायचं ठरलं. मुंबई मेट्रो वन या कंपनीत रिलायन्स इन्फ्रा ६९ टक्के, एमएमआरडीए २६ आणि फ्रान्सची व्हिओलिया ५ टक्के. अंदाजित खर्च २,३५६ कोटी, त्यात केंद्र-राज्याचं मिळून ६५० कोटींचं अनुदान. २००६च्या जूनमध्ये मनमोहन सिंगांच्या हस्ते पायाभरणी झाली, २००७मध्ये ३५ वर्षांचा करार झाला. आणि या मार्गासाठी राज्याने आधार घेतला तो इंग्रजांच्या काळातल्या १८८६च्या ट्राम कायद्याचा! यात हसण्यासारखं काही नव्हतं. ट्राम म्हटलं की विषय राज्याचा होतो, भाडं राज्याच्या करारात बांधून घेता येतं आणि प्रत्येक गोष्टीसाठी दिल्लीकडे बघावं लागत नाही. आंध्रनेही हैदराबादसाठी २००८मध्ये आपला स्वतंत्र ट्राम कायदा केलाच होता.

पुढे केंद्राच्या आग्रहाने मुंबईच्या या मार्गाला मेट्रोचा केंद्रीय कायदा लागू झाला, आणि तिथेच ठिणगी पडली. करारात भाडं ९, ११ आणि १३ रुपये असं होतं. कामाला मात्र आठ वर्षं लागली. अंधेरीला पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून पोलादी पूल, पश्चिम द्रुतगती महामार्गावर केबलचा पूल, अरुंद रस्त्यांवरची जागा, या सगळ्यात खर्च ४,३०० कोटींवर गेल्याचं कंपनीने सांगितलं. जून २०१४मध्ये मार्ग सुरू होताना कंपनीने कलम ३३वर बोट ठेवलं. पहिलं भाडं ठरवण्याचा अधिकार मेट्रो प्रशासनाचा, आणि मेट्रो प्रशासन म्हणजे आम्ही. तिने १० ते ४० रुपये भाडं जाहीर केलं. राज्य आणि एमएमआरडीए न्यायालयात गेले. भाडे निर्धारण समितीने तर पुढच्या वर्षी कमाल ११० रुपयांपर्यंतची मर्यादा सुचवली. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये ती शिफारस रद्द केली. राज्याने जे ट्राम समजून लिहिलं, ते रेल्वेच्या कायद्याने वाचलं गेलं. वाढीव खर्चाचा वाद लवादाकडे गेला, तो वेगळाच.

चारकोप-वांद्रे-मानखुर्द हा ३२ किलोमीटरचा दुसरा मार्गही रिलायन्सच्या गटालाच मिळाला होता. २००९मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. कारशेडसाठी नेमलेली जागा किनारपट्टी नियमांत अडकली, काम उभंच राहिलं नाही आणि २०१४च्या अखेरीस करार रद्द झाला. दिल्लीत विमानतळ एक्स्प्रेस मार्गातून याच समूहाने २०१३मध्ये अंग काढून घेतलं. हैदराबादचं कंत्राट आधी मिळालं ते मायटासला. या कंपनीने सरकारकडून अनुदान मागण्याऐवजी ३५ वर्षांत सरकारलाच ३० हजार कोटींवर रक्कम द्यायची तयारी दाखवली होती. श्रीधरन यांनी योजना आयोगाला पत्र लिहून, इथे डोळा जमिनींवर आहे, असा इशारा दिला. राज्य सरकारला तो झोंबला, पण काही महिन्यांतच सत्यम या आयटी कंपनीतला घोटाळा उघड झाला आणि सत्यमच्याच संस्थापकांच्या कुटुंबाची मायटासही कोसळली. नंतर एल अँड टीने मार्ग बांधून २०१७मध्ये सुरू केला, पण २०२५मध्ये त्यांनीही बाहेर पडायचं ठरवलं आणि राज्याने तो ताब्यात घ्यायला संमती दिली. भाड्यातून मेट्रोची बांधणी वसूल होत नाही, एवढं या मालिकेतून कळायला हरकत नव्हती.

महाराष्ट्र मग दिल्लीच्या वाटेवर आला. ३३.५ किलोमीटरच्या मेट्रो ३साठी केंद्र-राज्य समान भागीदारीची कंपनी आणि जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेचं कर्ज. २अ आणि ७ राज्याने स्वतःच्या बळावर केल्या. मेट्रो ३चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. त्याला कारशेडचा वाद हे एकमेव कारण नाही, पण त्या वादातही मालकी होतीच. आरेतली झाडं ऑक्टोबर २०१९मध्ये रातोरात तोडली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, हे सर्वांच्या लक्षात आहे. त्यानंतरचा भाग कमी बोलला जातो. २०२०मध्ये राज्याने कारशेड कांजूरमार्गला नेली, तेव्हा ती जमीन मिठागर आयुक्तांची, म्हणजे आपली आहे, असा दावा केंद्राने केला. उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ज्या कंपनीत केंद्र आणि राज्य निम्मे भागीदार, तिच्याच कारशेडसाठी दोघे भागीदार न्यायालयात समोरासमोर उभे होते. २०२२मध्ये सरकार बदललं आणि कारशेड आरेत परतली. गाडी आरेहून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आणि कफ परेडपर्यंत २०२५च्या ऑक्टोबरमध्ये पोचली.

विदर्भात आणि पुण्यातही समान भागीदारीचंच प्रारूप आलं. पुण्यात ते यायला उशीर झाला, कारण मेट्रो जमिनीवरून की जमिनीखालून यावरची चर्चा पुण्याने पुणेरी चिकाटीने चालवली. तोवर २०१४मध्ये नागपूरची पायाभरणी झाली आणि पुणेकरांना ते लागलं. नागपूरची कंपनीच २०१७च्या जानेवारीत महामेट्रो झाली आणि पुण्याचं काम तिच्याकडे गेलं. पुण्याची पायाभरणी डिसेंबर २०१६ची, पहिली फेरी ६ मार्च २०२२ची. तीन नव्या भुयारी स्थानकांसह स्वारगेटपर्यंतचा टप्पा सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाला.

याच काळात केंद्राने पुन्हा पान उलटलं. ऑगस्ट २०१७च्या मेट्रो धोरणाने केंद्राची मदत हवी असेल तर खासगी सहभाग कुठल्या ना कुठल्या रूपात असलाच पाहिजे, अशी अट घातली. हिंजवडी-शिवाजीनगर हा २३ किलोमीटरचा मार्ग टाटा आणि सीमेन्स यांच्या गटाला ३५ वर्षांसाठी गेला तो या धोरणाखाली. म्हणजे मुंबईत फसलेलं प्रारूप पुण्यात दुसऱ्यांदा आलं, फक्त या वेळी ट्राम कायद्याऐवजी केंद्राच्या धोरणाच्या दारातून.

वर्सोवा-घाटकोपरचं मात्र अजून मिटलेलं नाही. २०२४च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबई मेट्रो वनमधला खासगी हिस्सा सुमारे ४ हजार कोटींना विकत घ्यायला मंजुरी दिली आणि काही महिन्यांतच तो बेत सोडून दिला. त्यामुळे मरोळ नाक्याला मेट्रो ३वर गाडी बदलणारा प्रवासी आजही एका कंपनीच्या हद्दीतून दुसऱ्या कंपनीच्या हद्दीत जातो. २००७चा तो करार ३५ वर्षांचा आहे.