मानमोडीपासून कोरोनापर्यंत: म्हाताऱ्या बायांची पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर भागात मिरचीचे देठ खुडायला बसणाऱ्या बायांमध्ये साठी उलटलेल्याही असतात. जन्मभर मिरची आणि कापूस वेचून अंगठ्यावरच्या रेषा पुसट होतात, आणि मशीन तो अंगठा घेत नाही. निराधार योजनेचे पैसे असोत की रेशन, सगळं अडतं ते त्याच अंगठ्याशी. महामारीत खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईवर काय ओढवलं, ते मला इथूनच सांगावंसं वाटतं.

1918 ची इन्फ्लुएंझाची साथ जुन्या लोकांच्या तोंडी ‘मानमोडी’ म्हणून राहिली. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होतं, आणि देशात सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रांतांत हा प्रांत होता. त्याच वर्षी पावसानं दगा दिला, धान्य महागलं. ती साथ विशेषतः 20 ते 40 वयाच्या माणसांच्या जिवावर उठली, त्यातही बायांच्या. मागं राहिलेली पोरकी नातवंडं कितीतरी घरांत आज्यांनीच वाढवली असतील. 1921 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या 1911 पेक्षा कमी भरली.

2020 च्या कोरोनात उलटं झालं. आता सगळ्यात मोठा धोका म्हाताऱ्यांनाच होता. आधार म्हणावा तर राज्याची 1980 ची संजय गांधी निराधार योजना, पुढं वृद्धांसाठीची श्रावणबाळ, आणि 1995 पासून केंद्राचं निवृत्तिवेतन. त्यातला केंद्राचा वाटा 60 ते 79 वयासाठी कित्येक वर्षं 200 रुपयांवरच थांबलेला. राज्याचा धरून टाळेबंदीच्या वेळी महिन्याला 1000 रुपये. एवढ्यात मीठमिरचीही आणायची आणि बीपी-शुगरच्या गोळ्याही. हे मला तेव्हाही अपुरं वाटत होतं, आजही वाटतं.

टाळेबंदीत केंद्रानं वृद्ध आणि विधवांना दोन हप्त्यांत 1000 रुपये दिले, जनधन खात्यात बायांना तीन महिने 500. पण बँक तालुक्याला, आणि एसटी उभी. नागपूरचे मोठे सरकारी दवाखाने, मेडिकल किंवा मेयो, तर त्याहून लांब. 1 मार्च 2021 पासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली, तीही पंधरवड्यातच नागपूर शहरात पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हाची गोष्ट. आगाऊ नोंदणी मोबाईलवर, आणि मोबाईल बहुतेक पोराच्या खिशात.

माझ्या आजीचं पासबुक अजून घरात आहे. एप्रिल, मे, जून 2020 च्या जमा नोंदी एकाखाली एक छापलेल्या आहेत. पैसे काढल्याची पहिली नोंद जुलैची आहे.